चित्रपट-संग्रहाची सूचि : कोणती पद्धति निवडावी?

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, तो ग्रंथपालांचा आहे, शाळामास्तराचा नव्हे, असें आपणांपैकीं पुष्कळांस वाटेल. तें खरेंही आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना शुद्धलेखन आणि त्रैराशिक शिकवून निवृत्त झालेला मनुष्य आहें. सूचिशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाहीं. परंतु माझ्या हातून एक चूक घडली, आणि ती नेमकी कशामुळें घडली हें समजून घेण्यासाठीं मला ह्या शास्त्राच्या दारापर्यंत जावें लागलें. तेथें जें कळलें तें आपणांस सांगावें, एवढाच माझा हेतु आहे.

निवृत्तीनंतर आमच्या गांवच्या एका संस्थेनें एक लोखंडी कपाट माझ्या स्वाधीन केलें. त्यांत पत्र्याचे ४३ डबे होते, आणि प्रत्येक डब्यांत १६ मिलिमीटर रुंदीच्या फितीचें एकेक रीळ होतें. कांहीं चित्रपट शेतीविषयक, कांहीं आरोग्यविषयक. आणि दोन डब्यांवर एकाच हस्ताक्षरांत एकच नांव होतें : ‘शाळेचा सुवर्णमहोत्सव, १९७१’. ह्या सर्वांची एक याद करून द्यावी, एवढीच संस्थेची अपेक्षा. मीं एक आखीव वही घेतली आणि चार रकाने पाडले : अनुक्रमांक, नांव, भाषा आणि शेरा. आठ दिवसांत याद तयार झाली. सुवर्णमहोत्सवाच्या पहिल्या डब्याची मीं नोंद केली, आणि दुसऱ्यापुढें ‘दुबार प्रत’ असा शेरा मारला. पुढें कपाटांत जागा हवी झाली, तेव्हां त्या शेऱ्याच्या आधारावर तो दुसरा डबा भंगारांत गेला.

वर्षभरानें एक बाई परगांवाहून आल्या. महोत्सवाच्या वेळीं जे मुख्याध्यापक होते, त्यांच्या त्या कन्या. वडिलांचा आवाज घरांत कोठेंच राहिलेला नाहीं. त्या दिवशींचें त्यांचें भाषण चित्रपटांत मुद्रित झालें होतें असें आई सांगत असे. तें एकदां ऐकावयास मिळेल काय, असें त्यांनीं विचारलें. आम्हीं शहरांतून यंत्र मागविलें, पडदा लावला. लेझीम दिसलें, पाहुणे दिसले. मुख्याध्यापक उभे राहिले, त्यांचे ओठ हलूं लागले, आणि सबंध दालनांत यंत्राच्या घरघरीखेरीज कांहींच ऐकूं आलें नाहीं. आम्हीं ठेवली होती ती प्रत मुकी होती. बोलकी प्रत माझ्याच शेऱ्यानें भंगारांत गेली होती. बाईंनीं दोषाचा एक शब्दही काढला नाहीं. “निदान ते दिसले तरी, गुरुजी,” एवढेंच त्या म्हणाल्या.

मागाहून एका जाणत्या तंत्रज्ञानें मला समजावून दिलें कीं, १६ मिलिमीटरच्या फितीस दोन्ही कडांना भोंकें असलीं तर ती बहुधा मुकी असते. बोलक्या फितीस एकाच कडेला भोंकें असून दुसऱ्या कडेनें ध्वनीची पट्टी गेलेली असते. म्हणजे यंत्र नको होतें, वीज नको होती. खिडकींत उभें राहून दोन्ही फिती उजेडासमोर धरल्या असत्या तरी पुरें होतें. माझ्या वहींत ‘ध्वनि आहे कीं नाहीं’ असा पांचवा रकाना असता, तर तो भरण्यासाठीं मीं फीत हातांत घेतलीच असती. तो रकाना मला सुचला नाहीं. परंतु ज्यांना तो पूर्वींच सुचला होता, त्यांनीं तो छापून ठेविला होता. मीं तें वाचलें नव्हतें, एवढेंच.

श्रोतेहो, सूचीची प्रमाण-पद्धति म्हणजे दुसरें कांहीं नाहीं. ‘पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा’ अशी आपल्याकडे म्हण आहे. आपल्याआधीं जे ठेंचाळले, त्यांनीं मागून येणारांसाठीं लिहून ठेवलेली प्रश्नावलि म्हणजे प्रमाण-पद्धति. तेव्हां ‘कोणती पद्धति निवडावी’ ह्या प्रश्नाचा खरा अर्थ असा कीं, आपल्या संग्रहास लागू पडणारे प्रश्न कोणत्या प्रश्नावलींत आहेत.

आतां अशा नियमांची परंपरा मोठी आहे, आणि ती ग्रंथांपासून सुरू झाली. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील ग्रंथालयांत अँतोनिओ पानिझ्झी ह्या इटालियन निर्वासितानें ग्रंथसूचीचे ९१ नियम तयार केले. ते १८४१ सालीं छापले गेले. नांव कसें लिहावें, निनांवी पुस्तक कोठें दाखवावें, असल्या बारीकसारीक गोष्टींचा त्यांत विचार आहे. आपल्या देशांत शियाळी रामामृत रंगनाथन् ह्यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे पांच सिद्धान्त मांडले. हे गृहस्थ मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्यापूर्वीं गणिताचे अध्यापक होते, ही गोष्ट मला, एका मास्तराला, विशेष धीर देणारी वाटली. वाचकाचा वेळ वांचवावा, हा त्यांचा चौथा सिद्धान्त. सूचि ही कपाटाची शोभा नसून विचारावयास आलेल्या माणसाची सोय आहे, हें त्यावरून ध्यानांत यावें.

मग ग्रंथांचे नियम चित्रपटांना कां पुरत नाहींत? पुस्तक हातांत घेतलें कीं तें आपली ओळख आपण करून देतें. मुखपृष्ठ उघडावें, नांव, कर्ता, प्रकाशक, साल, सर्व समोर असतें. रिळाचें तसें नाहीं. डब्यावर एक नांव असतें आणि आंत दुसराच चित्रपट निघतो. श्रेयनामावलि बहुधा पहिल्या रिळांत असते, आणि नेमकें तेंच सर्वांत जास्त झिजलेलें किंवा हरवलेलें असतें. बरें, पाहून खात्री करावी म्हटलें तर जुनी फीत यंत्रावर चढविली कीं ती तुटावयाची भीति. शिवाय पुस्तकाच्या हजार प्रती एकसारख्या असतात. चित्रपटाच्या दोन प्रतींत कात्रीनें केलेला, भाषेनें केलेला, काळानें केलेला फरक असूं शकतो. म्हणून चित्रपटाच्या सूचिकारास सर्वांत आधीं विचारावा लागतो तो प्रश्न हा : मी नोंद करतों आहें ती कशाची? गोष्टीची, तिच्या एखाद्या रूपाची, कीं ह्या डब्याची?

हा भेद आपणां मराठी माणसांस नवा नाहीं. ज्ञानेश्वरी घ्या. ज्ञानेश्वरी ही एक कृति. शके १५०६ मध्यें एकनाथ महाराजांनीं तिची प्रत शुद्ध केली. तो तिचा एक पाठ. त्या पाठाची अमुक छापखान्यानें अमुक सालीं काढलेली आवृत्ति हें त्याचें प्रकट रूप. आणि माझी आजी जी चातुर्मासांत वाचीत असे, जिच्या पानांत बेलाचीं पानें अजून सांपडतात, ती एक प्रत. कोणी विचारलें, ‘आपल्याकडे ज्ञानेश्वरी आहे काय?’ तर प्रश्न कृतीविषयीं आहे. ‘एकनाथी पाठाची आहे काय?’ असें विचारलें तर तो पाठाविषयीं, आणि ‘तिला वाळवी लागली आहे काय?’ हा फक्त त्या एका प्रतीविषयीं. चारही उत्तरें एकाच ओळींत कोंबलीं कीं घोटाळा झालाच. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय संघानें १९९८ सालीं नेमक्या ह्याच चार पायऱ्या शास्त्रीय रीतीनें मांडल्या.

आतां ह्या पायऱ्या चित्रपटांस लावून पाहूं. प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट १९३२ सालीं शांतारामबापूंनीं मराठींत आणि हिंदींत, असा दोन्ही भाषांत काढला. पुढें १९४१ सालीं ‘शेजारी’ निघाला. त्याचेंच हिंदी रूप ‘पडोसी’. कथा एक, कंपनी एक, दिग्दर्शक एक; परंतु मराठींत केशवराव दाते आणि गजानन जागीरदार आहेत, तर हिंदींत मझहर खान आणि जागीरदार. केशवराव दात्यांच्या अभिनयाचा अभ्यास करणाऱ्यास ‘पडोसी’ची फीत देऊन काय उपयोग? उलट फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट घ्या. १९४८ सालीं स्थापन झालेल्या ह्या सरकारी संस्थेनें एकच चित्र ठेवून त्यावर निरनिराळ्या भाषांतील निवेदन चढविलें. तेथें चित्र तेंच, पाठ मात्र निराळा. ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ ह्यांचें चित्रीकरणच वेगळें, म्हणून त्यांच्या दोन स्वतंत्र नोंदी करून त्या एकमेकींशीं जोडाव्यात. अनुबोधपटाची कृति एक मानून खालीं भाषावार पाठ दाखवावेत, असें माझें मत आहे. दुसरा कोणी निराळें ठरवील, हरकत नाहीं. परंतु एकदां ठरविलें तें शेवटपर्यंत पाळलें पाहिजे.

कृतीची नोंद प्रतीहून वेगळी ठेवण्याचा आणखी एक लाभ आहे. ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत प्रदर्शित झाला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाहीं. केवळ डब्यांची याद करणाऱ्याच्या वहींत ‘आलम आरा’ला जागाच नाहीं. परंतु कृतीची पायरी जेथें स्वतंत्र आहे, तेथें त्याचें नांव, साल, कर्ते लिहितां येतात, आणि प्रतीच्या जागीं ‘ज्ञात प्रत नाहीं’ असें लिहितां येतें. हरवलेल्याचीही नोंद असली, म्हणजे सांपडल्यावर तें ओळखूं येतें.

आतां प्रत्यक्ष पद्धतींकडे वळूं. येथें आरंभींच एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘पद्धति’ ह्या एकाच शब्दाखालीं लोक दोन निरनिराळ्या वस्तु एकत्र करतात. कांहीं पद्धति काय लिहावें आणि कसें लिहावें हें सांगतात; त्या व्याकरणासारख्या आहेत. कांहीं केवळ कोणते रकाने असावेत हें ठरवितात. त्या सरकारी कचेरींतील छापील नमुन्यासारख्या आहेत. नमुना भरावयास व्याकरण लागतें, आणि व्याकरण येऊनही नमुना नसेल तर अर्ज कोणी घेत नाहीं. म्हणून निवड करितांना दोहोंचाही विचार करावा लागतो.

पहिला मार्ग ग्रंथालयांचा. इंग्रजी भाषिक देशांतील ग्रंथालयांनीं मिळून केलेल्या नियमावलीची दुसरी आवृत्ति १९७८ सालीं निघाली. तिचें सातवें प्रकरण चित्रपट व चित्रमुद्रणें ह्यांना वाहिलेलें आहे. तिच्या जागीं २०१० पासून ‘आर. डी. ए.’ ही नवी नियमावलि आली, आणि तिनें वर सांगितलेल्या चार पायऱ्या पत्करल्या. ह्या नोंदी ज्या सांच्यांत भरतात तो ‘मार्क’ नांवाचा सांचा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें १९६० नंतरच्या दशकांत तयार केला. ह्या मार्गाचा मोठा गुण असा कीं, पुस्तक आणि चित्रपट एकाच सूचींत सांपडतात, आणि दुसऱ्या ग्रंथालयानें केलेली नोंद आपणांस आयती घेतां येते. बाजारांत मिळणाऱ्या तबकड्या आणि कॅसेटी ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत आहेत, त्यानें ह्याच मार्गानें जावें. पण जेथें डब्यांत जगांतील एकुलती एक प्रत आहे, तेथें आयती नोंद कोठून मिळणार? लायब्ररी ऑफ काँग्रेसलासुद्धां आपल्या चित्रपटसंग्रहासाठीं १९८४ सालीं स्वतंत्र मार्गदर्शिका काढावी लागली आणि २००० सालीं ती सुधारावी लागली, ह्यावरून काय तें समजावें.

दुसरा मार्ग चित्रपट-संग्रहालयांचा. पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क आणि बर्लिन येथील चार संस्थांनीं १९३८ सालीं चित्रपट-संग्रहालयांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन केला. त्याला ‘फियाफ’ म्हणतात. भारत सरकारनें १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय काढलें, तें १९६९ पासून ह्या संघाचें सभासद झालें. २०२२ सालीं तें संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन करण्यांत आलें. फियाफनें आपले सूचिनियम १९९१ सालीं छापले, आणि २०१६ सालीं त्यांची सर्वस्वीं नवी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ती संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळते. तिच्यांत कृति, प्रकट रूप आणि प्रत अशा तीन मुख्य पायऱ्या असून पाठभेदासाठीं कृतीच्या खालींच एक जागा राखून ठेवलेली आहे. युरोपांतील राष्ट्रांनीं २००९ आणि २०१० सालीं चित्रपटांच्या नोंदीविषयीं दोन प्रमाणें ठरविलीं. पहिलें किमान माहितीचें, दुसरें सविस्तर माहितीचें. फियाफच्या मार्गदर्शिकेचें त्यांच्याशीं जवळचें नातें आहे. ज्यांच्याजवळ मूळ फिती, निगेटिव्ह, एकमेव प्रती आहेत, त्यांच्यासाठीं हाच राजमार्ग होय.

तिसरा मार्ग प्रक्षेपणसंस्थांचा. अमेरिकेंतील सार्वजनिक नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांसाठीं ‘पीबीकोर’ नांवाचा सांचा २००५ सालीं प्रसिद्ध झाला. मालिका, तिचा एक भाग, त्या भागांतील पांच मिनिटांचा तुकडा, मूळ ध्वनिफीत आणि तिची नक्कल, ह्या गोष्टींची तेथें सोय आहे. वृत्तचित्रें आणि मुलाखती ज्यांच्याकडे आहेत, त्यांनीं तो अवश्य पाहावा.

चौथा मार्ग सर्वांत सोपा. त्याचें नांव ‘डब्लिन कोर’. हें डब्लिन आयर्लंडांतील नव्हे, अमेरिकेच्या ओहायो संस्थानांतील. तेथें १९९५ सालीं भरलेल्या बैठकींतून हा निघाला. त्याचे अवघे १५ रकाने : नांव, कर्ता, विषय, दिनांक, भाषा इत्यादि. त्यांतील एकही सक्तीचा नाहीं, आणि प्रत्येक हवा तितक्यांदा भरतां येतो. ज्या लहान संस्थेंत छायाचित्रें, पत्रें, ध्वनिफिती आणि चार दोन रिळें, सगळेंच थोडें थोडें आहे, तिला हा बरा. परंतु त्याचें सोपेपण हाच त्याचा धोका आहे. कृति कोणती आणि प्रत कोणती, हा प्रश्न तो आपण होऊन विचारीत नाहीं. फीत दोन्ही कडांनीं भोंकाळलेली आहे काय, हें तर नाहींच नाहीं. माझी चार रकान्यांची वही आणि ह्या १५ रकान्यांचा सांचा ह्यांत अंतर पुष्कळ. पण माझी चूक त्यांतही घडूं शकली असती.

येथें दुधाताकाची गोष्ट ध्यानांत ठेवावी. दुधाचें ताक करतां येतें. ताकाचें दूध करतां येत नाहीं. सविस्तर नोंदीवरून १५ रकान्यांची त्रोटक नोंद संगणक एका दिवसांत करून देईल. त्रोटक नोंदीवरून सविस्तर नोंद करावयाची तर प्रत्येक डबा पुन्हां उघडावा लागेल, आणि तोंपर्यंत डबा जागेवर असेल असा भरंवसा नाहीं. म्हणून संग्रह एकमेव वस्तूंचा असेल, तर आरंभींच थोडी अवघड पद्धति पत्करावी. मनुष्यबळ अपुरें असेल तर तिच्यांतील आवश्यक रकाने आधीं भरावेत, बाकीचे मोकळे सोडावेत. मोकळा रकाना निदान प्रश्न तरी विचारीत राहतो.

ह्यावर कोणी म्हणेल, ‘गुरुजी, हे सारे परदेशी खटाटोप. आपल्यापुरती आपली वही काय वाईट?’ मीही पूर्वीं तसेंच म्हणत असें. वही वाईट नाहीं; पण ती माझ्याबरोबर संपते. ‘शेरा’ ह्या रकान्यांत मीं कोणत्या अर्थानें काय लिहिलें, हें माझ्यामागून येणारास कोण सांगणार? आणि भाषेची अडचण तर मुळींच नाहीं. पडद्यावर जें नांव ज्या लिपींत दिसतें तें त्याच लिपींत उतरून घ्यावें, आणि परक्यांच्या सोयीसाठीं रोमन अक्षरांत जोड द्यावी, एवढेंच करावयाचें असतें. आपल्या गरजेचे रकाने जोडण्यास कोणतीही पद्धति मनाई करीत नाहीं.

नांवांचा विषय निघालाच आहे, तर त्याबद्दल दोन शब्द बोलतों. धुंडिराज गोविंद फाळके आणि दादासाहेब फाळके एकच. शांताराम राजाराम वणकुद्रे आणि व्ही. शांताराम एकच, उलट बाबूराव पेंटर आणि बाबूराव पेंढारकर हे दोन. ‘श्यामची आई’ ह्या नांवाचा आचार्य अत्र्यांचा चित्रपट १९५३ चा आहे, आणि त्याच नांवाचा दुसरा २०२३ चा. म्हणून प्रत्येक व्यक्तीचें एक ठराविक नांव ठरवून बाकीचीं त्याकडे वळवावींत, आणि चित्रपटाच्या नांवापुढें साल व दिग्दर्शक अवश्य लिहावा. हा नियम साधा आहे. पण तो पाळला नाहीं म्हणून एकाच माणसाचीं कामें तीन ठिकाणीं विखुरतात.

आतां प्रतीच्या नोंदींत काय असावें, तें सांगतों. कारण खरा नफातोटा तेथेंच आहे. पहिली गोष्ट लांबी. मीं वर्गांत शिकविलेलें त्रैराशिक मला येथें उपयोगी पडलें. ३५ मिलिमीटरच्या एका फुटांत १६ चित्रें असतात. बोलपट सेकंदास २४ चित्रें ह्या वेगानें चालतो, म्हणजे मिनिटास ९० फूट. तेव्हां १,००० फुटांचें रीळ सुमारें ११ मिनिटें चालेल. परंतु तेंच रीळ मूकपटाचें असून सेकंदास १६ चित्रें ह्या वेगानें चालविलें, तर तें १६ मिनिटें ४० सेकंद चालेल. म्हणजे ‘लांबी ११ मिनिटें’ असें लिहिणारानें कांहींच सांगितलें नाहीं; ‘१,००० फूट’ असें लिहिणारानें मोजलेली गोष्ट सांगितली. म्हणूनच फितीची लांबी फुटांत किंवा मीटरांत लिहावी, आणि मिनिटें लिहिल्यास वेगही लिहावा.

दुसरी गोष्ट फितीचा आधार. १९५० च्या सुमारापर्यंत ३५ मिलिमीटरच्या फिती बहुधा नायट्रेटच्या असत. तो पदार्थ भयंकर ज्वालाग्राही आहे. जानेवारी २००३ मध्यें पुण्यास राष्ट्रीय संग्रहालयाच्या नायट्रेट फिती जेथें होत्या त्या कोठारास आग लागली आणि अनेक जुने चित्रपट गेले. कोणता डबा नायट्रेटचा हें सूचींत नसेल, तर त्याला इतरांपासून वेगळा ठेवावा हें कोणास कळणार? मागाहून आलेल्या ॲसिटेटच्या फितींना आग लवकर लागत नाहीं, पण त्या कुजूं लागल्या कीं व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तो वास कोणत्या दिवशीं आला हेंही लिहावें. निगेटिव्ह कीं पॉझिटिव्ह, मूक कीं बोलकी, डबा कोठून आला, कोणी दिला, आज कोणत्या फळीवर आहे, हें सर्व ह्याच पायरीवर येतें. आणि हल्लीं ज्या संगणकावरील फाइली करतात, त्यांचाही प्रकार, आकार आणि त्या बदलल्या नाहींत हें पडताळून पाहण्याचा चेकसम नांवाचा अंक टिपून ठेवावा; फाइल हीसुद्धां एक प्रतच आहे.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे शंका लिहिण्याची संवय. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लागला. तो चार रिळांचा होता. पहिलें आणि शेवटचें रीळ पुण्याच्या संग्रहालयांत सुरक्षित आहे, असें आपण वाचतों. परंतु कांहीं इतिहाससंशोधकांचें म्हणणें असें कीं, उरलेलीं हीं रिळें १९१३ च्या चित्रपटाचीं नसून फाळक्यांनीं १९१७ सालीं पुन्हां केलेल्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ ह्या चित्रपटाचीं आहेत. अशा वेळीं सूचिकारानें काय करावें? न्यायाधीश होऊं नये. रिळावर काय दिसतें तें जसेंच्या तसें लिहावें. कोणत्या कृतीशीं जोडलें तें लिहावें. आणि मतभेद आहे हेंही तेथेंच लिहावें. चांगल्या पद्धतींत ह्यासाठीं टीपेची जागा असते. माझ्या ‘दुबार प्रत’ ह्या शेऱ्यांत मुख्य दोष कोणता होता, हें मला येथें उमगलें. मला माहीत नव्हतें हा दोष नव्हे. माहीत नसतां मीं माहीत असल्यासारखें लिहिलें, हा दोष. ‘दुबार प्रत असावी, पाहिलेली नाहीं’ असे चार शब्द लिहिले असते, तर तो डबा आजही कपाटांत असता.

मग मीं स्वतः काय निवडलें? उरलेल्या ४२ डब्यांसाठीं फियाफची तीन पायऱ्यांची रीति घेतली, आणि तिच्यांतील आम्हांस झेपतील तेवढेच १४ रकाने ठेविले. कोणता रकाना कोणत्या नियमाचा, हें वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेविलें, म्हणजे पुढील माणसास चांचपडावें लागूं नये. आठ दिवसांत केलेली याद पुन्हां करावयास सात महिने लागले. प्रत्येक फीत उजेडासमोर धरली, कडा पाहिल्या, फूट मोजले, वास घेतला. ह्या कामांत दोन डब्यांत भलतेच चित्रपट निघाले, आणि जो हिंदी समजत होतों तो एक मराठी निघाला.

सुवर्णमहोत्सवाची नोंदही नव्यानें केली. कृति एक : ‘शाळेचा सुवर्णमहोत्सव, १९७१’. तिच्याखालीं प्रती दोन. पहिली : मूक, दोन्ही कडांस भोंकें, कपाट १, फळी ३. दुसरी : ‘बोलकी असावी, संग्रहांतून काढून टाकली, कारण, सूचिकाराची चूक’. ही दुसरी ओळ लिहितांना हात जड झाला, हें कबूल करतों. पण ती लिहिल्यावांचून नोंद पुरी होत नव्हती. तो चित्रपट घेणाऱ्या छायाचित्रकाराकडे, किंवा त्या वेळच्या एखाद्या पाहुण्याच्या माळ्यावर, कदाचित् आणखी एक बोलकी प्रत पडलेली असेल. ती कोणी आणून दिली, तर ती कशाची आणि कोणासाठीं, हें आतां माझ्या वहीस ठाऊक आहे. त्या बाईंचा पत्ता मीं वहीच्या आंतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेविला आहे.

आपणांपैकीं कोणाच्या शाळेंत, वाचनालयांत किंवा घरांत असे डबे असतील, तर त्यांचें नांव लिहून स्वस्थ बसूं नका. आधीं एखादी चांगली प्रश्नावलि मिळवा, मग डबा उघडा. आणि जें पाहिलें नाहीं तें ‘पाहिलें नाहीं’ असें लिहा.